भूक गप्प झाल्यावर

“इंजेक्शन सुरू केलंय ना, मग आता पथ्य कशाला?” हा प्रश्न हल्ली दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या लिफ्टमध्येही ऐकू येतो. त्यावर ठरलेलं उत्तर मिळतं: औषधासोबत खाण्यापिण्याकडे लक्ष दिलं, व्यायाम केला, तर वजन जास्त उतरतं. उत्तर ऐकायला बरं वाटतं. पण आजच्या औषधांपुरतं बोलायचं तर ते अर्धंच खरं आहे, आणि या अर्धेपणानं माणसाचं नुकसान होतं. काहीही न करता काटा खाली येताना दिसला की तो म्हणतो, झालं की काम, आणि पथ्याचा नाद सोडतो. म्हणून या प्रकरणात त्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर शोधायचं आहे. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात थॉमस वॉडन नावाचे मानसशास्त्रज्ञ अनेक वर्षं लठ्ठपणावर काम करत आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. २२४ माणसं, चार गट, एक वर्ष. पहिल्या गटाला फक्त सिब्युट्रामिन हे भूक कमी करणारं औषध दिलं. दुसऱ्याला औषध नाही, पण वर्षभरात ३० बैठका: काय खाल्लं ते लिहायचं, किती चाललो ते लिहायचं, अडलं कुठे ते सगळ्यांसमोर बोलायचं. तिसऱ्याला औषध आणि डॉक्टरांशी अधूनमधून थोडं बोलणं. चौथ्याला औषध आणि ३० बैठका दोन्ही. वर्षअखेरीस नुसत्या औषधावरच्या लोकांचं वजन सरासरी ५ किलोंनी उतरलं होतं, नुसत्या बैठकांवरच्यांचं ६.७ किलोंनी, आणि दोन्ही मिळालेल्यांचं १२.१ किलोंनी. या शेवटच्या गटातही ज्यांनी खाण्याची वही नेमानं भरली, त्यांचं वजन सरासरी १८.१ किलो उतरलं. वहीचा कंटाळा केलेल्यांचं ७.७ किलो. अर्थात जो वही नेमानं भरतो तो इतर गोष्टींतही नेमाचा असतो, तेव्हा सगळं श्रेय वहीला देता येणार नाही. तरीही दवाखान्यात मिळणारं ते ठरलेलं उत्तर या पिढीच्या औषधांनी रुजवलं, आणि त्या काळापुरतं ते बरोबर होतं.

सिब्युट्रामिन पुढे टिकलं नाही. हृदयविकार असलेल्यांना त्याचा धोका दिसला, २०१० मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून गेलं आणि लवकरच भारतातही त्यावर बंदी आली.

मग सेमाग्लुटाइड आलं. आतड्यातून स्रवणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकाची ही नक्कल. अस्सल संप्रेरक रक्तात मिनिटा-दोन मिनिटांत निम्मं होतं. या औषधाला निम्मं व्हायला सुमारे आठवडा लागतो, म्हणून आठवड्याला एक टोचणी पुरते. ते मेंदूतल्या भूक-तृप्तीच्या केंद्रांवर काम करतं आणि, विशेषतः सुरुवातीला, पोट सावकाश रिकामं होऊ देतं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत १,९६१ लोक होते. ६८ आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के घटलं, खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.४ टक्के. आहाराचा आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचालीचा सल्ला दोन्ही गटांना दर महिन्याला मिळत होता, हे बातम्यांमध्ये सहसा येत नाही.

त्याच वर्षी वॉडन यांनी आपला जुना प्रयोग नव्या औषधावर करून पाहिला. ६११ माणसं, तेवढेच ६८ आठवडे, आणि पुन्हा ३० बैठका. पहिले आठ आठवडे तर खाणंही मोजून-मापून, अगदी कमी उष्मांकांचं. बैठकांसोबत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं वजन १६ टक्के उतरलं.

आता १४.९ आणि १६ हे आकडे शेजारी ठेवा. चाचण्या वेगळ्या, माणसं वेगळी, म्हणून ही तुलना ढोबळच. पण फरक जेमतेम टक्क्याचा आहे हे लपत नाही. २००५ मध्ये ज्या ३० बैठकांनी औषधाचा परिणाम दुपटीहून वर नेला होता, त्याच ३० बैठका २०२१ मध्ये काट्यावर फारशा दिसल्या नाहीत. औषध एवढं जोरकस झालं की किलो उतरवण्याचं काम त्यानं जवळजवळ एकट्यानं उचललं. टिर्झेपटाइड हे असंच आणखी एक इंजेक्शन तर त्याच्याही पुढे गेलं: २०२२ च्या चाचणीत सर्वात मोठ्या मात्रेवर ७२ आठवड्यांत २०.९ टक्के.

मग विचारणाऱ्याचं बरोबरच म्हणायचं का? माझ्या मते नाही. सवयींचं काम संपलेलं नाही, ते बदललं आहे. किती किलो जातात हे आता मुख्यतः औषध ठरवतं. त्या किलोंमध्ये काय काय जातं, आणि औषध थांबल्यावर काय उरतं, हे मात्र रोजच्या ताटावर आणि पायांवर ठरतं. काटा या दोन्ही गोष्टींबद्दल काहीच सांगत नाही.

वजन म्हणजे चरबी नव्हे. सेमाग्लुटाइडच्या त्या मोठ्या चाचणीतल्या १४० जणांचं एका खास क्ष-किरण तपासणीनं मोजमाप केलं होतं. औषध घेणाऱ्यांची चरबी १९.३ टक्क्यांनी घटली, पोटातली आतली चरबी तर २७.४ टक्क्यांनी, आणि ही फार चांगली बातमी आहे. पण चरबीविरहित ऊतकही ९.७ टक्क्यांनी घटलं. त्यात पाणी आणि इतर अवयवही आले, सगळे काही स्नायू नव्हेत. तरी स्नायूंचा वाटा त्यात मोठा. उपाशी राहून, शस्त्रक्रियेनं किंवा औषधानं, कोणत्याही वाटेनं वेगानं वजन उतरलं की असं होतंच. शरीराला ऊर्जा कमी पडली की ते चरबीसोबत स्नायूही मोडून खातं. धष्टपुष्ट माणसाला हा तोटा सोसतो. आपल्याला तो किती सोसेल, हा खरा प्रश्न आहे.

त्याचं उत्तर पुण्यात सापडतं. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. कुणीही दोघांना सडपातळच म्हणावं. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. त्याआधी याच गटानं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या नवजात बाळांची मापं घेतली होती. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं स्नायूंनी, पोटाच्या अवयवांनी पुष्कळ लहान. चरबी मात्र त्या मानानं राखून असलेली. दिसायला बारीक, आतून स्थूल. भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेघ बीएमआय ३० ऐवजी २५ वर ओढतात, त्यामागे हेच कारण आहे.

म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या स्नायूंच्या खात्यात मुळातच शिल्लक कमी. त्यातून दहावा हिस्सा गेला तर काटा टाळ्या वाजवील, पण गुडघे, पाठ आणि रक्तातली साखर यांना ते महागात पडेल. जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवून घेणारं सर्वात मोठं कोठार म्हणजे स्नायूच. मधुमेह आवरायला घेतलेल्या औषधानं तेच कोठार लहान व्हावं, हे आपण होऊ देता कामा नये.

आता ताटाकडे वळू, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त चुका तिथे होतात.

समजा, एक पंचेचाळिशीतली बाई. उंची पाच फूट, वजन ७० किलो. सकाळी चहा आणि कांदेपोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, वरण-भात, संध्याकाळी पुन्हा चहा-बिस्किटं, रात्री दुपारचंच थोडं. औषध सुरू होण्याआधीही या खाण्यात प्रथिनं जेमतेम चाळीस ग्रॅमच्या आसपास. भारतीय आहारावरच्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीतही हेच दिसतं: आपल्या ऊर्जेचा सुमारे ६२ टक्के भाग पिष्टमय पदार्थांतून येतो. आता इंजेक्शन सुरू झालं. डोक्यातली ती सततची भुणभुण, फ्रीजमध्ये काय आहे, डब्यात काय उरलंय, ती एकाएकी थांबली. ज्यांनी आयुष्यभर ती ऐकली त्यांना हा केवढा दिलासा असतो, हे ज्यांनी कधी ऐकलीच नाही त्यांना कळणार नाही. आणि या दिलाशाला कुणी ‘आयतं’ म्हणू नये. पण आता एका पोळीवर हात थांबतो. पोहे अर्धी बशी. वाटीभर वरण नकोसं होतं. प्रथिनं चाळिसावरून वीस-पंचवीस ग्रॅमवर आली, आणि वजन वेगानं उतरत असताना तज्ज्ञ साधारणपणे दर किलोमागे १.२ ग्रॅम सुचवतात. या बाईंसाठी ते होतात ८४ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा.

८४ ग्रॅम अर्ध्या भुकेत बसवायचे कसे? कमी घासांत जास्त ऐवज भरून. दोन अंड्यांत सुमारे १२ ग्रॅम. चाळीस ग्रॅम कोरडी मटकी भिजवून केलेल्या उसळीत नऊ-दहा. शंभर ग्रॅम बांगड्यात एकोणीसच्या आसपास, तेवढ्याच पनीरमध्ये अठरा. सोयाबीनच्या वड्या पन्नास ग्रॅम घेतल्या तर पंचवीसेक ग्रॅम एका झटक्यात. मराठवाड्यात आणि विदर्भात मैलोगणती सोयाबीन पिकतं, तेल काढून उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते, आणि पिकवणाऱ्याच्या घरच्या ताटात वड्या क्वचितच दिसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट क्रमाची. आपलं जेवण रीतीनं वरण-भात-तुपानं सुरू होतं. पोट लवकर भरायला लागलं की भातानंच ते भरतं आणि उसळ ताटात राहते. म्हणून औषधावर असेपर्यंत हा क्रम उलटा करावा: आधी उसळ, अंडं, मासा किंवा दही, मग भाजी, भाकरी-भात शेवटी, जागा उरली तर. घरच्यांना चमत्कारिक वाटेल, वाटू द्यावं. पाणी आणि भाज्याही मुद्दाम वाढवाव्या लागतात, कारण भूक गेली की तहानही विसरते आणि या औषधांवर बद्धकोष्ठाची तक्रार फार जणांना होते.

मळमळ आणि उलटी हे सगळ्यात नेहमीचे त्रास, विशेषतः मात्रा वाढवल्यावर. म्हणूनच सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून महिन्या-महिन्यानं चढवत नेतात. घाई करून मात्रा वाढवणं आणि तेलकट खाणं या दोन गोष्टी त्रास वाढवतात. तर्रीदार मिसळ आणि वडापाव इथे खरंच पोटात तासन् तास बसून राहतात. पण आपल्याकडे तेलापेक्षाही अवघड गोष्ट आग्रहाची आहे. “एवढी एक पुरणपोळी, माझ्या हातची” हे प्रेम आहे, पण या औषधावरच्या माणसाला तो शेवटचा घास बाथरूममध्ये पळवतो. पुष्कळ जण, विशेषतः सुना, इंजेक्शनची गोष्ट घरी लपवतात आणि मग आग्रह मोडताही येत नाही. घरातल्या निदान एका वडीलधाऱ्या माणसाला विश्वासात घ्यावं. “डॉक्टरांनी सांगितलंय, थोडंच वाढा” एवढं वाक्य त्यांच्या तोंडून आलं की पंगतीतली लढाई निम्मी संपते.

उपवासाबद्दल मात्र मला जोर देऊन सांगायचं आहे. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण औषधावर लागू पडत नाही. इथे उलट होतं, माणूस खरोखरच काही खात नाही. साबुदाण्यात प्रथिनं नावालाही नसतात, तेव्हा उपवासाचा दिवस हा स्नायूंसाठी तोट्याचाच. पण खरा धोका मधुमेहींना. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, त्यात हे इंजेक्शन आणि वर कडक उपवास, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, हाताला कंप, डोळ्यांपुढे अंधारी आली तर उपवास तिथेच सोडून साखर खावी. इंजेक्शन सुरू करतानाच जुन्या गोळ्यांची मात्रा कमी करायची का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावं.

असेच आणखी काही प्रश्न पहिल्या भेटीतच विचारायचे असतात. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल तर ही औषधं घेत नाहीत. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं. शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगावंच, कारण उपाशी राहूनही पोट रिकामं झालेलं नसू शकतं. पोटात असह्य, पाठीकडे जाणारी कळ आली तर वाट न पाहता रुग्णालय गाठावं. स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. यातलं काहीच ओळखीच्या माणसाकडून किंवा इन्स्टाग्रामवरून पेन मागवणाऱ्याला कुणी सांगत नाही.

आता पाय. एक कोपनहेगनची चाचणी आहे, माझ्या दृष्टीनं या विषयातली सगळ्यात बोलकी. सिग्ने टोरेकोव्ह आणि सहकाऱ्यांनी तीही २०२१ मध्येच प्रसिद्ध केली. १९५ लठ्ठ माणसांनी आधी आठ आठवडे कडक आहारानं सरासरी १३.१ किलो वजन उतरवलं. मग एक वर्षासाठी चार गट: काहीच नाही, नुसता व्यायाम, नुसतं लिराग्लुटाइड (सेमाग्लुटाइडचंच थोरलं भावंड, रोज टोचायचं) आणि दोन्ही. काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत व्यायामवाले ४.१ किलोंनी पुढे राहिले, औषधवाले ६.८ किलोंनी, दोन्हीवाले ९.५ किलोंनी. किलोंपेक्षा मला पुढचा आकडा महत्त्वाचा वाटतो. दोन्ही करणाऱ्यांच्या शरीरातलं चरबीचं प्रमाण ३.९ टक्के-अंकांनी खाली आलं, एकेकटा उपाय करणाऱ्यांच्या साधारण दुप्पट. म्हणजे गेलं ते मुख्यतः जायला हवं तेच.

मग संशोधकांनी औषधही थांबवलं आणि देखरेखीखालचा व्यायामही, आणि आणखी एक वर्ष वाट पाहिली. नुसत्या औषधावर असलेल्यांचं वजन नुसता व्यायाम केलेल्यांपेक्षा सरासरी ६ किलोंनी जास्त परत चढलं. दोन्ही केलेल्यांना उतरलेलं वजन राखणं औषधवाल्यांपेक्षा अधिक जमलं. शिक्षक गेले, तरी वर्षभरात अंगवळणी पडलेलं पुष्कळसं राहिलं.

औषध थांबवण्याचा मुद्दा आपल्याकडे पुस्तकी नाही. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड भारतात आलं तेव्हा सर्वात छोट्या मात्रेची एक कुपी, म्हणजे एका आठवड्याचं औषध, ३,५०० रुपयांना होती. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची इथली मुदत मार्च २०२६ पर्यंतची. देशी कंपन्यांच्या स्पर्धेनं औषध स्वस्त होतं हा आपला जुना अनुभव आहे. तरीही मुलीचं कॉलेज, आईचं ऑपरेशन, गेलेली नोकरी यांत महिन्याचा हा खर्च सगळ्यात आधी कापला जातो. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आलं, असं पाठपुराव्यात दिसलं आहे. परत येतं ते प्रामुख्यानं चरबीच्या रूपात, गमावलेला स्नायू आपोआप परत येत नाही. म्हणून औषध चालू असलेले महिने, भुणभुण बंद असलेले महिने, हीच सवय बसवण्याची सगळ्यात सोपी वेळ. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत या औषधांना संमती देताना आहार-व्यायामाची नीट आखलेली साथ द्यावी असं म्हटलं, तेही उगाच नाही.

व्यायामात चालणं आहेच, पण एकटं चालणं स्नायू राखायला पुरत नाही. स्नायूला ओझं लागतं. आपल्या तालमींना हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. जोर-बैठका म्हणजे स्वतःच्या अंगाचंच ओझं. ज्यांना बैठका जमत नाहीत त्यांनी खुर्चीवरून उठ-बस करावी. जोर जमत नाहीत त्यांनी ओट्याला किंवा भिंतीला हात टेकून करावेत. पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्या हातात घेऊन खांद्यांचे व्यायाम होतात. आठवड्यातून दोन-तीन दिवस, वीस-पंचवीस मिनिटं, आणि दर पंधरवड्याला ओझं किंवा फेऱ्या थोड्या वाढवत. “घरकाम करतो ना दिवसभर” असं सांगणाऱ्या बायकांचे कष्ट मी नाकारत नाही, पण त्या कामात ओझं वाढत जात नाही आणि मांड्यांच्या मोठ्या स्नायूंवर ते फारसं येतही नाही. इंजेक्शननंतरचे एक-दोन दिवस मळमळ जास्त असेल, तर टोचणीचा वार शुक्रवार-शनिवार ठेवावा आणि ओझ्याचा व्यायाम आठवड्याच्या मधल्या दिवसांत.

आणि मोजायचं तर काट्याशिवाय आणखी दोन गोष्टी मोजाव्यात. एक कंबर, बेंबीच्या पातळीवर, टेपनं. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची खूण मानतात. दुसरी, खुर्चीवरून हात छातीशी घडी घालून पाच वेळा उठायला किती सेकंद लागतात. आशियाई तज्ज्ञांच्या निकषानुसार १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पायांची कामगिरी कमी पडते आहे. पहिली टोचणी घेण्याआधी हे सेकंद मोजून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहावेत, दुधाच्या हिशेबाशेजारी. मग दर महिन्याच्या एक तारखेला पुन्हा. कंबर आणि सेकंद दोन्ही कमी होत असतील तर औषध आणि ताट दोघंही आपापलं काम करत आहेत. वजन उतरतंय पण सेकंद वाढत चाललेत, असं दिसलं तर पुढची मात्रा वाढवण्याआधी तेच कॅलेंडर डॉक्टरांपुढे ठेवावं.